काहून मौलवी

मौलवीसाहेब उभ्याने वाचत. भिंतीत छातीइतक्या उंचीवर एक कोनाडा होता. त्यात किताब उघडी ठेवायची, हात पाठीमागे बांधायचे आणि तासन् तास वाचत राहायचं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "बसून वाचलं का वकीलसाहेब, मानूस किताबीची हर बात कबूल करून टाकते. उभ्या मानसाचे पाय दुखतात, मंग तो किताबीशी भांडते."

मी तेव्हा नुकताच वाशीमला वकिली करायला आलो होतो. पंचविशीही उलटली नव्हती. अंगावरचा काळा कोट कोरा होता आणि पक्षकार फारसे नव्हते, त्यामुळे समोरच्या घरात कोण काय करतं हे पाहायला भरपूर वेळ होता. समोर मौलवीसाहेब एकटेच राहत. एक खोली, एक ओसरी, ओसरीत रांजण. सकाळी उर्दू शाळेत ते फारसी शिकवत आणि मोहल्ल्याच्या मशिदीत इमामत करत. वय पन्नाशीचं असेल. बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेली होती, दुसरं लग्न केलं नव्हतं. अंगकाठी काटकुळी, दाढी विरळ, आणि लांब बाह्यांचा अंगरखा कोपरापर्यंत वर सारलेला, जणू आत्ताच कुठल्या कामाला हात घालायचा आहे.

तोंडावर लोक त्यांना मौलवीसाहेब म्हणत. पाठीमागे म्हणत काहून मौलवी. कारण कोणी मसला विचारायला आला, 'हे जायज आहे का, ते नाजायज आहे का' असं म्हणाला, की मौलवीसाहेब उत्तर देण्याऐवजी उलट त्यालाच विचारत, "काहून?" म्हणजे हा हुकूम आला कशासाठी, हे आधी सांग. येणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असे. तो बिचारा घाम पुशीत बसायचा.

एका उन्हाळ्यात मोहल्ल्याच्या विहिरीत मांजर पडून मेलं. जुन्या किताबींत अशा वेळी किती बादल्या पाणी उपसायचं याचे आकडे आहेत. मांजर फुगून फुटलं असेल तर सगळी विहीरच उपसायची. त्या वर्षी पाणी असं नव्हतंच. तळाशी हातभर उरलेलं. चारपाच जण मौलवीसाहेबांकडे आले. ते उठले आणि थेट विहिरीवर गेले. वाकून पाहिलं. दोर बांधून स्वतः खाली उतरले, मांजर काढलं, केस आणि घाण वेचून काढली, वास जाईस्तोवर पाणी उपसायला लावलं आणि उपसा थांबवला. लोक म्हणाले, "मौलवीसाहेब, अजून लय बादल्या बाकी हायेत."

"बादल्या कायले उपसाच्या?"

"पानी पाक व्हावं म्हनून."

"आनि पानी पाक कायले पाह्यजे? प्याले ना? सारं फेकून देल्लं तर पेसान काय?"

उरलेलं पाणी त्यांनी उकळून घेतलं आणि पहिला पेला सगळ्यांदेखत स्वतः प्यायले. दोन दिवस लोक त्यांच्या तब्येतीवर नजर ठेवून होते. तिसऱ्या दिवशी सगळे त्या विहिरीचं पाणी भरू लागले.

मी येण्याआधी, मानमोडीच्या साथीत, त्यांनी मशिदीत उभं राहून जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजाला येऊ नका, घरीच पढा, असं सांगितलं होतं म्हणे. हे मला गावातल्या हकिमांनी सांगितलं. "लोक लय बिघडले," हकीम म्हणाले. "मौलवीच मशीद बंद करून राह्यला म्हने. पन त्या मोहल्ल्यातून जनाजे कमी निघाले, हे मी पाह्यलं." तरी त्या गोष्टीचं श्रेय मौलवीसाहेबांना कोणी दिलं नाही. मशिदीचं दार लोटलेलं होतं, तेवढं मात्र लोकांच्या लक्षात राहिलं.

लग्नाला, बारशाला त्यांना बोलावणं असे. जेवायला मानाने बसवत. पण नुसत्या गप्पांना कोणी बोलावत नसे. संध्याकाळी चार माणसं कट्ट्यावर बसलेली असली आणि मौलवीसाहेब दिसले, की ती सावरून बसत, विषय बदलत. ते उभे राहत, एकदोन वाक्यं बोलत आणि पुढे जात. मला वाटतं त्यांना ते कळत होतं.

माझ्याकडे मात्र ते येत. मी हिंदू, त्यातून वकील, म्हणजे मला मसला विचारायचा नव्हता आणि सावरून बसायचंही नव्हतं. माझ्याजवळ इंग्रजीतलं मुसलमानी कायद्याचं एक जाड पुस्तक होतं. त्यातलं एकेक कलम मी मराठीत सांगायचा आणि ते मान हलवायचे. "हुकूम बराबर हाये. पन या किताबीत काहून नाई." मग एकेक बोट मिटत ते मला सांगत: अल्लाचा कायदा पाच चीजा राखण्यासाठी आहे. दीन म्हणजे धर्म, जान, अक्कल, नस्ल म्हणजे वंश, आणि माल. प्रत्येक हुकूम यांतल्या कशाची ना कशाची राखण करतो. "हुकूम पाळून या पाचांतलीच एखादी चीज मरून राह्यली असंल, तर समजाचं का आपल्याले हुकूम समजला नाई. हुकूम खोटा नाई. आपली समज खोटी."

मी एकदा हसत म्हटलं, "मग सोपं आहे की. ज्याला जे नको ते त्याने मतलब सांगून सोडून द्यावं."

त्यांना राग आलेला मी पहिल्यांदा पाहिला. "सोडाले काहून नाई इचारत मी," ते म्हणाले. "पाळाले इचारतो." आणि हे खरं होतं. दुसऱ्यांना सवलत सांगणारा हा माणूस स्वतःला कसलीच सवलत देत नसे. अंगात ताप असताना त्यांनी रोजे धरलेले मी पाहिले आहेत. मी बोललो तर म्हणाले, "माह्या घरी कोन हाये माह्यावर हुकूम चालवाले?"

एके दिवशी दुपारी माझ्याकडे सकीना मण्यारीण आली. तिला सगळं वाशीम ओळखत होतं. डोक्यावर टोपली घेऊन ती घरोघर बांगड्या भरायला जाई, हिंदूंकडेही आणि मुसलमानांकडेही. तिचा नवरा कासम चौदा सालच्या लढाईच्या वेळी फौजेच्या खेचरांवर नोकर म्हणून बसऱ्याकडे गेला होता. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, कोणाकडून तरी लिहून घेतलेली. मग काही नाही. लढाई संपली, बाकीचे परत आले. कासम मेला असं कोणी पाहिलं नव्हतं, जिवंत आहे असंही कोणी सांगत नव्हतं. नऊ वर्षं झाली होती. बायाबापड्यांचे हात धरून बांगड्या चढवताना त्या तिच्या हाताकडे पाहत. हातात बांगड्या असल्या तर विचारत, 'खबर आली का कासमची?' नसल्या तर आवाज खाली आणून विचारत, 'खबर आली का?'

ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, एक कागद करून द्या. मी दीन सोडला म्हनून."

मला कळेना. मग तिने सांगितलं. वाशीमजवळच्या मालेगावचा एक बागवान होता, बायको गेलेला, भला माणूस. तो तिच्याशी निकाह करायला तयार होता. पण मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी किताब दाखवली होती. इकडचे मुसलमान मानतात त्या हनफी मताप्रमाणे बेपत्ता नवऱ्याची बायको, त्याच्या वयाचे सगळे लोक मरेपर्यंत, म्हणजे तो नव्वदीचा होईपर्यंत, त्याचीच बायको. सकीनाचे त्यात केस पिकले असते, दात पडले असते. कचेरीत घुटमळणाऱ्या एका मुनशीने तिला वाट सांगितली होती. बाईने इस्लाम सोडला की निकाह आपोआप तुटतो, कोर्टही ते मानतं. आठ दिवसांनी पुन्हा कलमा पढायचा.

"आठच दिवस," ती म्हणाली. "अल्ला आठ दिवस मले सांभाळून घेईन ना?"

मला माहीत होतं की मुनशी खोटं बोलत नव्हता. कोर्टात तसे निकाल होत होते. सांगायला लाज वाटते, पण मी कागद घेतला आणि मसुदा लिहायला बसलो. अर्धं पान लिहून झालं आणि मी टाक खाली ठेवला. तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगून तो अर्धा कागद घेऊन मी समोर गेलो आणि मौलवीसाहेबांना वाचून दाखवला.

ते नेहमीप्रमाणे कोनाड्यापुढे उभे होते. ऐकता ऐकता खाली बसले. मग माझ्या हातून कागद घेऊन, बसल्या बसल्या, तो मोडीतला मजकूर एकेक अक्षर लावत स्वतः वाचला. 

"कायदा दीन राखाले हाये," ते म्हणाले. "आनि कायदाच या बाईले दीन सोडाले लावून राह्यला."

तो कागद त्यांनी मला परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकीना आली तेव्हा मी तिला थोडं थांबायला सांगितलं. पुढचे काही महिने मौलवीसाहेबांच्या खोलीत किताबींचा ढीग वाढत गेला. मालिकी मताच्या किताबी त्यांनी हैदराबादहून मागवल्या. त्या मतात बाईने काझीपुढे अर्ज करायचा, काझीने चार वर्षं शोध घ्यायचा, आणि नवरा न सापडल्यास तो मेला असं ठरवायचं. बाईची फार अडचण असेल तर मुदत एक वर्षावरही आणता येते, असं काही आलिमांचं म्हणणं होतं. काझी नसेल तिथे तीन नेक मुसलमान एकत्र बसून हे करू शकतात. मौलवीसाहेब स्वतः पक्के हनफी. दुसऱ्या मताचा आधार घ्यायचा म्हणजे शेजाऱ्याच्या घरातून आग मागून आणायची, असं त्यांना वाटत होतं. मी सुचवलं की सात वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाला सरकारी कोर्टही मेलेला धरतं, तसा दावा लावतो. ते म्हणाले, "तुमच्या कोर्टानं तिची सुटका होईन. पन मोहल्ला तिले बदफैली म्हनंन. मले तिले मोहल्ल्यात ठेवाचं हाये."

तीन नेक मुसलमान जमवायला त्यांना दीड महिना लागला. ज्याच्या दारात जावं तो चहा पाजी आणि किताबीकडे बोट दाखवी. शेवटी हकीम तयार झाले आणि एक म्हातारा रंगारी, ज्याची स्वतःची लेक अशीच अडकून पडली होती. तिसरे मौलवीसाहेब. त्यांनी एक वर्षाची मुदत ठरवली. त्या वर्षात त्यांनी इतकी पत्रं लिहिली की त्यांची बोटं काळी दिसू लागली. फौजेच्या कचेऱ्यांना मी इंग्रजीत लिहिलं, मशिदींच्या इमामांना त्यांनी उर्दूत. मुंबई, कराची, बसरा, बगदाद. कुठूनही कासमचा पत्ता लागला नाही.

वर्ष संपल्यावर कासम मेला असं ठरवून तिघांनी सह्या केल्या. सकीनाने विधवेची इद्दत पाळली, म्हणजे पुन्हा निकाह करण्याआधी थांबायची मुदत, चार महिने दहा दिवस. मग निकाह झाला. तो मौलवीसाहेबांनीच लावला, कारण दुसरं कोणी लावायला तयार नव्हतं.

त्यांच्याशी भांडायला कोणीच आलं नाही. पुढच्या जुम्म्याला त्यांच्या मागे मशिदीत फक्त रंगारी उभा राहिला. हकिमांना अचानक बाहेरगावचे रोगी आठवले. महिन्याभरात दुसरा इमाम आला. शाळेत फारसीचा वर्ग बंद झाला, मुलांना आता फारसी नको आहे म्हणे. रंगारी त्या पावसाळ्यात वारला.

गावाबाहेर रिसोडच्या वाटेवर एक जुनी छोटी मशीद होती. तिथे कोणी जात नसे. मौलवीसाहेब तिथे जाऊ लागले. मी दर रविवारी सकाळी त्या बाजूला फिरायला जायचो. पुढे दुपारीही त्यांच्या वेळेला जाऊ लागलो. ते स्वतःच अजान द्यायचे. अजान झाली की थोडा वेळ थांबायचे. थांबताना दाराकडे पाठ करून उभे राहायचे. दाराकडे तोंड केलं तर वाट पाहतो आहे असं दिसलं असतं. मग एकटेच नमाज पढायचे. मी बाहेर निंबाखाली बसलेला असे. मला आत जाऊन त्यांच्यामागे उभं राहता येत नव्हतं, आणि असं वाटायचं की जाता आलं असतं तर बरं.

अशी तीन वर्षं गेली. आणि कासम परत आला.

स्टेशनावर तो उतरला तेव्हा त्याला कोणी ओळखलं नाही. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता, चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. लढाईत पाय गेला, मग बसऱ्यात कुठल्याशा मुसाफिरखान्यात भांडी घासत राहिला. लंगडा नवरा घेऊन बायको काय करील, या लाजेने त्याने पत्र पाठवलं नाही. आणि मग एके दिवशी ती लाज संपली, म्हणाला. चुलतभावाकडे तो उतरला आणि तासाभरात त्याला सगळं कळलं.

गावात वडीलधाऱ्यांची बैठक बसली. हनफी किताबीप्रमाणे बायको पहिल्या नवऱ्याचीच. मालेगावचा निकाह नाहीच. सकीनाला तर तोवर दोन वर्षांचं मूल होतं. लोकांनी मौलवीसाहेबांना बोलावणं पाठवलं. ते बैठकीला गेले नाहीत. मला बरोबर घेऊन ते आधी कासमकडे गेले.

कासम ओसरीत कुबडी टेकवून बसला होता. मौलवीसाहेब त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"तूच कासम?"

"हो."

"तुहं घर म्या मोडलं. दुसऱ्या कोनी नाई."

कासम त्यांच्याकडे पाहत राहिला. "तिनं नाई मोडलं?"

"तिनं सवाल इचारला. जवाब माहा होता."

"खुश हाये का ती?"

"मले मालूम नाई. पोरगं हाये तिले."

कासमने कुबडीवरून हात फिरवला. "मंग मी कायले आलो?" तो म्हणाला.

  

दुसऱ्या दिवशी आम्ही बैलगाडीने मालेगावला गेलो. वाटेत ते एवढंच बोलले, "साऱ्यायले किताब दिसून राह्यली. तिले कोनी इचारलं का?" सकीना पडद्याआडून बोलली.  "दहा वर्सं मी त्याची वाट पाह्यली, मौलवीसाहेब. मेला असं ठरलं तवा रडली. जित्ता हाये म्हनून ऐकलं तवाबी रडली. त्याले सांगा, त्याच्यावर माहा राग नाई. पन मी लेकराले घेऊन कोन्या घरी जाऊ? लेकराचं घर हे हाये."

तिचं म्हणणं मौलवीसाहेबांनी जसंच्या तसं कासमला सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मालिकी मताप्रमाणे ती दुसऱ्या नवऱ्याची राहते, हे ते ठासून सांगू शकत होते. त्यांनी ते कोणापुढे उच्चारलंही नाही. कासमकडे त्यांनी विनंती केली, हुकूम केला नाही.  तिसऱ्या दिवशी बैठकीपुढे उभा राहून त्याने सकीनाला तलाक दिला आणि कुबडी उचलून निघाला.

मौलवीसाहेबांनी मालेगावच्या बागवानाला तीन महिने भावाच्या घरी राहायला लावलं. सकीनाने पुन्हा इद्दत पाळली आणि पुन्हा निकाह झाला, कोणत्याच किताबीत तिच्या मुलांवर बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. गावाने त्यालाही नावं ठेवली. आधी मोडतो, मग जोडतो, म्हणाले.

चुलतभावाला कासम फार दिवस नको होता. एके सकाळी मी खिडकी उघडली तर समोरच्या ओसरीत दुसरी बाज टाकलेली, आणि रांजणाशेजारी कुबडी.

ते दोघे सात वर्षं एकत्र राहिले. मौलवीसाहेब पाणी भरत, भाकरी थापत, कासमच्या पायाला तेल लावत. कासम भाजी निवडी आणि दिवसभर गप्प बसे. त्यांना आपसात बोलताना मी क्वचितच पाहिलं. रिसोडच्या वाटेवरच्या मशिदीत आता दोघं जात, एक बसून नमाज पढणारा आणि एक उभ्याने. मला वाटे, चला, माणसाला माणूस मिळालं.

मौलवीसाहेब गेले तेव्हा मी अकोल्याला होतो. परत आलो तोवर त्यांना जाऊन आठ दिवस झाले होते. जनाज्याला बरेच लोक आले होते, असं हकिमांनी सांगितलं. ज्यांनी त्यांच्यामागे नमाज सोडला होता तेही आले होते. पुढे थोड्याच वर्षांत सरकारने कायदा केला की चार वर्षं नवऱ्याचा पत्ता नसेल तर मुसलमान बाई कोर्टातून निकाह मोडून घेऊ शकते. मोठमोठ्या आलिमांनीही त्याला पाठिंबा दिला. वाशीममध्ये त्या दिवशी कोणालाही मौलवीसाहेब आठवल्याचं मी ऐकलं नाही.

अकोल्याहून आलो त्या दिवशीच मी समोर गेलो. कासम ओसरीत एकटाच होता. दुसरी बाज भिंतीशी उभी करून ठेवलेली. मी त्याच्याशेजारी बसलो. तोच बोलू लागला.

"दर जुम्म्याले नमाज झाली का मले इचारत. सात वर्सं. एक जुम्मा चुकला नाई."

"काय विचारत?"

"कासम, माफ केलं का, म्हनून."

"आणि तू?"

"मी म्हनो, अजून नाई."

मला धक्का बसला असावा, आणि तो चेहऱ्यावर दिसला असावा. कासम माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पयल्या वर्सीच केलं होतं, वकीलसाहेब. तलाक देल्ला तवाच अर्धं केलं होतं. पन सांगतलं असतं, तर मंग मी या घरात कोन्या नात्यानं राहलो असतो?"

त्याने भिंतीशी उभ्या बाजेकडे पाहिलं. 

"आखरीच्या जुम्म्याले त्याईची जबान गेल्ती," तो म्हणाला. "नुस्ते माह्याकडे पाहून राह्यले होते. मले वाटलं, पुढच्या जुम्म्याले सांगू."